कोबी, गाजर आणि हिरवी जेली

आयोवातल्या चर्चच्या तळघरात लांबलचक टेबलांवर पांढरा कागद अंथरून जेवण मांडलेलं असे. एका टोकाला मांसाचे आणि बटाट्याचे गरम पदार्थ, दुसऱ्या टोकाला केक आणि पाय, आणि मधल्या सगळ्या जागेत जेली. लाल, नारिंगी, पिवळी आणि सगळ्यांत जास्त हिरवी. ती गोडाच्या रांगेत नसे, सॅलडच्या रांगेत असे. हिरव्या लिंबाच्या जेलीत बारीक चिरलेला कोबी, किसलेलं गाजर, सेलरी. कुठे कॉटेज चीज आणि पेअरच्या फोडी. कुठे चिमुकले मार्शमेलो. कुठे ऑलिव्हच्या चकत्या आणि वर मेयॉनेजचा पांढरा गोळा. मध्ये भोक असलेल्या गोल साच्यातून पालथ्या घातलेल्या, लेट्यूसच्या पानांवर बसवलेल्या त्या जेल्या टेबलाला कुणाचा धक्का लागला की एकदम थरथरायच्या.

हे पाहिलं ते माझ्या आत्यानं. आतोबा एम्सच्या आयोवा स्टेट विद्यापीठात पीएचडीला होते आणि 1966 साली लग्न होऊन आत्या त्यांच्यामागे तिथे गेली. आता तिनं ऐंशी ओलांडली आहे. ही हकीकत मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यानं ऐकत आले, कधी ती पुण्याला आली की गच्चीवर, कधी फोनवर, आणि दर वेळी तिच्या तोंडून एखादा नवा तपशील निघतो. हल्ली त्या काळातल्या पाककृतींची रंगीत चित्रं लोक एकमेकांना पाठवतात आणि हसतात. जेलीत बसवलेली ट्यूना मासळी, टोमॅटोच्या अ‍ॅस्पिकमध्ये उकडलेली अंडी. मला ते हसणं कधी जमलं नाही. ती चित्रं कंपन्यांनी छापलेल्या जाहिराती होत्या. ज्या बायकांनी हे पदार्थ खरोखर केले, आदल्या रात्री जागून थर चढवले आणि सकाळी श्वास रोखून साचा पालथा घातला, त्यांच्याकडचं ऐकलं की त्या टेबलाकडे बघायची नजर बदलते. ऐकलेलं सांगणारी माणसं आता थोडी राहिली आहेत, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

एम्समध्ये आत्या-आतोबा एका विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. बाईंचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा, बालपण शेतावरच्या घरातलं. भाडेकरू मांस खात नाहीत हे त्यांना आधीच कळवलेलं होतं. आत्या पोचली त्या संध्याकाळी बाई जिना चढून वर आल्या त्या हातात काचेचं भांडं घेऊनच. नारिंगी जेली, तिच्यात किसलेलं गाजर आणि डब्यातल्या अननसाचा चुरा. ‘सनशाइन सॅलड’. यात मांस नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पाहुणीला काय चालेल याचा विचार करून, मुद्दाम निवडून आणलेला तो पदार्थ होता.

आत्याला तो आवडला. गाजर आणि साखर एकत्र आल्याचं तिला काही विशेष वाटलं नाही. कोशिंबिरीत आपणही साखर घालतोच. जिभेवर ठेवताच विरघळून जाणं तेवढं नवीन होतं. वर्षभर तिनं चर्चच्या तळघरात, शेजारणींकडे, विद्यापीठातल्या परदेशी कुटुंबांच्या स्वागत समारंभात अशा किती जेल्या खाल्ल्या असतील! टेबलावर जिथे तिला बहुतेक पदार्थांना हात लावता येत नसे, तिथे जेलीनं तिचं ताट भरलं. त्या बायकांशी बोलायला सुरुवातही तिथूनच झाली. हे कसं केलं, साचा गरम पाण्यात किती वेळ धरला, दोन रंग एकमेकांत मिसळले कसे नाहीत, असं विचारलं की कुणीही खुलायचं.

घरमालकीणबाई तर हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून जुन्या गोष्टी सांगत. त्यांच्या आईच्या काळी जेली हा श्रीमंतांचा किंवा नाताळचा पदार्थ, नाहीतर दुखणाइताचा. वासराचे पाय आणायचे, गरम पाण्यात घालून केस खरवडून काढायचे, सहा-सात तास मंद आचेवर उकळायचे. रात्रभर थंड करून वर आलेली चरबी काढायची. मग अंड्याचा पांढरा बलक आणि टरफलं घालून पुन्हा उकळायचं, म्हणजे गढूळपणा त्यात अडकून वर येतो. फ्लॅनेलच्या पिशवीतून थेंब थेंब गाळायचं. पिशवी पिळायची नाही, पिळली की सगळं गढूळ. त्यात साखर, लिंबू, असली तर वाइन. आणि हे सगळं गोठवायला तळ्यातून कापून भुशात साठवलेला बर्फ.

हे ऐकताना आत्याच्या मनात काय आलं असेल ते कळायला फार कल्पना लागत नाही. बाई आपल्या आईच्या कष्टांबद्दल, पुढे पाकिटं आली तेव्हा त्या माउलीला किती हायसं वाटलं त्याबद्दल भरभरून सांगत होत्या, आणि समोर बसलेल्या मुलीला वर्षभरानंतर प्रथमच कळत होतं की त्या पारदर्शक रंगीत पदार्थात काय असतं. गुरांच्या आणि डुकरांच्या कातडीतलं, हाडांतलं कोलॅजेन पाण्यात उकळून काढलं की जिलेटिन होतं. पाकिटात पूड होऊन आलं तरी ते तेच. आत्या त्या वेळी काही बोलली नाही. बाईंनी पहिल्या दिवशी जिना चढून आणलेलं ते भांडं तिला आठवत होतं. त्यांना हे कळलं तर त्यांना किती वाईट वाटेल, हाच विचार आधी मनात आला, असं ती अजूनही सांगते. रात्री तिनं पुण्याला आजीला पत्र लिहिलं.

त्या पाकिटांची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण बाईंच्या आयुष्याएवढीच ती लांब आहे.

पहिलं नाव पीटर कूपर यांचं. न्यूयॉर्कमध्ये त्यांचा सरसाचा मोठा कारखाना होता. अमेरिकेतलं सुरुवातीचं ‘टॉम थंब’ हे वाफेचं इंजिन बांधणारे आणि पुढे कूपर युनियन ही शिक्षणसंस्था काढणारे ते हेच. सरस आणि जिलेटिन यांत फरक शुद्धतेचा. 1845 मध्ये त्यांनी नुसतं गरम पाणी घालून करता येणाऱ्या जिलेटिनचं पेटंट घेतलं, पण त्याच्यामागे ते लागले नाहीत. पन्नास वर्षांनी, 1897 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय या छोट्या गावात पर्ल वेट नावाच्या सुतारानं जिलेटिनमध्ये साखर, रंग आणि फळांचा स्वाद मिसळला. हा माणूस जोडीला खोकल्याचं औषध विकायचा, त्यामुळे कडू औषधाला गोड स्वाद द्यायची सवय हाताला होतीच. त्याची बायको मे हिनं नाव ठेवलं ‘जेल-ओ’. स्वाद चार: स्ट्रॉबेरी, रासबेरी, संत्रं, लिंबू. त्यांना माल खपवता येईना. 1899 मध्ये त्यांनी सगळे हक्क गावातल्याच ऑरेटर वुडवर्ड यांना 450 डॉलरला विकून टाकले. सुरुवातीला वुडवर्ड यांचाही माल पडून होता. मग त्यांनी बायकांच्या मासिकांत जाहिराती दिल्या, विक्रेत्यांमार्फत घरोघर पाककृतींच्या पुस्तिका फुकट वाटल्या, आणि 1902 पर्यंत वर्षाची विक्री अडीच लाख डॉलरवर गेली. वेट कुटुंबाला त्यातलं काही मिळालं नाही. मे वेट या बाईचं मला फार वाटतं. तिनं ठेवलेलं नाव देशभर घरोघर बोललं जाऊ लागलं आणि तिचं घर होतं तिथेच राहिलं.

रोचेस्टरला आतेभावाकडे गेले असताना मी लरॉयला जाऊन आले. गावाच्या मुख्य रस्त्यावर लरॉय हाउस नावाची जुनी वास्तू आहे, तिच्यामागे जेल-ओचं छोटं संग्रहालय. जुन्या जाहिरातींसाठी काढलेली तैलचित्रं, पत्र्याचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे साचे, पुस्तिका. त्या पुस्तिकांसाठी मॅक्सफील्ड पॅरिश आणि नॉर्मन रॉकवेल यांच्यासारख्या नामवंतांनी चित्रं काढली होती. कारखाना मात्र 1964 मध्येच बंद होऊन डेलावेअरमधल्या डोव्हरला गेला. आत्या अमेरिकेत पोचली तेव्हा ज्या गावात जेली जन्मली, तिथे ती बनत नव्हती.

सॅलडची कथा मात्र जेल-ओपासून सुरू होत नाही. ती नॉक्स कंपनीच्या बिनसाखरेच्या, बिनस्वादाच्या जिलेटिनपासून सुरू होते. चार्ल्स नॉक्स वारले तेव्हा, 1908 मध्ये, त्यांच्या पत्नी रोझ यांनी कारखाना स्वतःच्या हातात घेतला आणि पुढची कित्येक दशकं चालवला. एका बाईनं त्या काळी एवढा कारखाना चालवणं सोपं नव्हतं. त्याआधीच, 1905च्या सुमारास, नॉक्सनं घेतलेल्या पाककृतींच्या स्पर्धेत पेनसिल्व्हेनियातल्या न्यू कॅसल गावच्या मिसेस जॉन कुक यांना तिसरं बक्षीस मिळालं होतं. पदार्थ: व्हिनेगर घातलेल्या आंबटगोड जिलेटिनमध्ये कोबी, सेलरी आणि लाल ढबू मिरची. नाव ‘परफेक्शन सॅलड’. बक्षीस म्हणून शिवणयंत्र. पहिल्या दोन बक्षिसांचे पदार्थ आज कुणाच्या लक्षात नाहीत. तिसऱ्यानं अमेरिकेचं अर्धं शतक व्यापलं. इतिहासकार लॉरा शापिरो यांनी त्या काळच्या गृहविज्ञान चळवळीवरच्या आपल्या पुस्तकाला याच सॅलडचं नाव दिलं आहे. त्या चळवळीतल्या सुशिक्षित बायकांना स्वयंपाकघर प्रयोगशाळेसारखं नीटनेटकं हवं होतं. ताटात इकडेतिकडे पसरलेला कच्चा पाला त्यांना खपत नसे. जेलीनं भाजीला शिस्त लावली.

बाईंनी आत्याला हेच आपल्या शब्दांत सांगितलं होतं, पुस्तकाच्या कितीतरी आधी. महामंदीत घरात उरलेलं अर्धं गाजर, मूठभर वाटाणे, एखादं सफरचंद पाहुण्यांपुढे कसं ठेवणार? जेलीत बसवलं की ते उरलेलं वाटत नाही. 1930 मध्ये हिरव्या लिंबाचा स्वाद आला आणि कोबी-काकडीला तोच जोडीदार ठरला. मग युद्ध. मे 1942 पासून साखर रेशनवर. गोड पाकिटं दुर्मीळ झाली. आणि युद्ध संपल्यावर बाईंच्या नवऱ्यानं पहिला विजेचा फ्रिज आणला. तोपर्यंत उन्हाळ्यात जेली म्हणजे बर्फवाल्याच्या भरवशावरचा पदार्थ होता. ऑगस्टमध्ये घट्ट जेली घेऊन चर्चमध्ये जाणं म्हणजे आपल्याकडे फ्रिज आला हे न बोलता सांगणं. बाई म्हणत, पहिल्या उन्हाळ्यात मी दर रविवारी नेली.

पुढे तर कंपनीनं सॅलडसाठीच सेलरी, टोमॅटो, मिश्र भाज्या असे स्वाद काढले. साठच्या दशकात ती पाकिटं दुकानांत होती. आत्यानं सेलरीचं पाकीट पाहिल्याचं तिला आठवतं. विकत घेतलं नाही.

तिचं पत्र पुण्यात पोचलं तेव्हाची हकीकत माझ्या मोठ्या काकांनी सांगितलेली. काकांचा लक्ष्मी रस्त्यावर फोटो स्टुडिओ होता. आजी सोवळ्यातली. तिनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि काकांना विचारलं, हे जिलेटिन तुला ठाऊक आहे का? काकांना चांगलंच ठाऊक होतं. त्यांचा सगळा धंदा त्याच्यावर उभा होता. प्रकाशाला काळवंडणारे चांदीचे क्षार फिल्मवर आणि कागदावर धरून ठेवतं ते जिलेटिन. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानं ती युक्ती काढली तेव्हापासून काळ्यापांढऱ्या फोटोचा सगळा कारभार तसाच चाललेला. मे महिन्यात काकांचे हाल व्हायचे. नळाचं पाणीच इतकं कोमट यायचं की त्यात फिल्म धुतली तर जिलेटिनचा थर फुगून कडांनी सुटायचा. मग बर्फाची लादी आणायची, ट्रेच्या खाली पाण्यात ती फोडून ठेवायची, आणि थर कडक व्हावा म्हणून तुरटीच्या पाण्यातून फिल्म काढायची. आयोवातल्या बायका आणि लक्ष्मी रस्त्यावरचे काका एकाच अडचणीशी झगडत होते.

काका एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी आजीला भिंतीवरचा आजोबांचा फोटो दाखवला, लग्नातले फोटो दाखवले, आणि यांतही तेच आहे म्हणाले. आजीनं फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, “फोटो कोणी खात नाही.” काकांनी मला हे सांगितलं ते तिच्याबद्दलच्या आदरानं. कुठे थांबायचं हे तिला पक्कं माहीत होतं.

या फोटोच्या जिलेटिनची एक गोष्ट मला रोचेस्टरला कळली. कोडॅकचं हे शहर लरॉयपासून साधारण चाळीस किलोमीटरवर. काही जिलेटिनची फिल्म भराभर प्रकाश टिपते, काहींची मंद, असं का होतं याचा छडा कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी 1925च्या सुमारास लावला. जिलेटिनमध्ये अगदी सूक्ष्म प्रमाणात गंधकाची संयुगं असली की फिल्म जास्त संवेदनशील होते, आणि ती संयुगं गुरांनी मोहरीसारखी झाडं खाल्ल्यामुळे येतात. काका तेव्हा हयात नव्हते. हे त्यांना सांगायला मिळालं असतं तर!

आजीनं आत्याला उत्तर लिहिलं. नकळत खाल्लंस, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. आता कळलं आहे तर तुझं तू ठरव. त्या बाईंचं मन मात्र मोडू नकोस. आणि पत्रात वरण-भाताच्या चौकशीसारख्या सहजपणे पुढची ओळ: बोहरी आळीतून चायना ग्रास आणून ठेवलं आहे, तिकडे निघालेल्या कुणाबरोबर पाठवते.

चायना ग्रास म्हणजे अगार. समुद्रातल्या लाल शेवाळापासून ते काढतात. जपानमध्ये सतराव्या शतकापासून ते होतं. आपल्याकडे मन्नारच्या आखातात कोळी बायका आजही त्यासाठी बुडी मारून शेवाळ वेचतात. पुण्या-मुंबईच्या घरांत दुधात शिजवून त्याची थंड खीर किंवा वड्या करत, उपवासालाही चालतं म्हणून आजीचा त्यावर विश्वास. एम्सला निघालेल्या एका विद्यार्थ्याच्या बॅगेतून ते गेलं. गवताच्या काड्यांसारख्या पांढऱ्या, चुरचुरीत, वजनाला काहीच नसलेल्या पट्ट्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

आत्याचं पुढचं कोडं रंग-स्वादाचं. जेल-ओच्या पाकिटात जिलेटिन आधीच मिसळलेलं. मग तिला कूल-एड सापडलं. शेजारच्याच नेब्रास्का राज्यात हेस्टिंग्ज गावी 1927 मध्ये निघालेली ही सरबताची पूड. नुसता रंग, स्वाद आणि आंबटपणा. पट्ट्या थंड पाण्यात भिजवायच्या, मग त्या पूर्ण विरघळेपर्यंत उकळायच्या, साखर घालायची, आणि कूल-एड आचेवरून उतरवल्यावर; आंबट घालून उकळलं तर अगार सैल पडतं. पहिल्यांदा केलं तेव्हा कोबी-गाजर चिरून होईपर्यंत पातेल्यातच घट्ट व्हायला लागलं. जिलेटिनला फ्रिजमध्ये काही तास लागतात. अगार पस्तीस-चाळीस अंशांवरच धरतं आणि पुन्हा पातळ व्हायला पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापावं लागतं.

जेवायला आलेल्या आतोबांच्या एका मित्राने ओट्यावर पडलेल्या पट्ट्या ओळखल्या. तो जीवाणुशास्त्राचा विद्यार्थी. त्यांच्या प्रयोगशाळेत हेच तर रोज काचेच्या बशांत ओतत. त्यानं सांगितलेली गोष्ट आत्याला अजून पाठ आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत 1881 मध्ये वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर जिलेटिनवर जीवाणू वाढवत होते. उन्हाळा आला की जिलेटिन वितळायचं. काही जीवाणू तर ते पचवूनच टाकायचे. त्यांची पत्नी फॅनी हिनं सुचवलं, अगार वापरून पाहा. तिचा जन्म न्यूयॉर्कचा. तिच्या लहानपणी शेजारी जावामध्ये राहून आलेलं डच कुटुंब होतं, त्यांच्याकडून तिच्या घरी अगारच्या जेल्या आणि पुडिंगं आली होती, आणि ती कडक उन्हाळ्यातही टिकतात हे तिला स्वयंपाकघरातून माहीत होतं. कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाच्या जंतूवर जो प्रसिद्ध लेख वाचला त्यात अगारचा उल्लेख आहे, फॅनी हेसेंचा नाही. आजही जगभरातल्या रुग्णालयांत जंतू वाढवायच्या बशांत अगारच असतं. मे वेटसारखंच हेही एक नाव. घरातल्या ओट्यावरून आलेलं ज्ञान दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं, आणि त्याचा राग येतो.

जुलैच्या 4 तारखेला एम्सच्या बागेत चर्चच्या लोकांची सहल होती. आयोवाचा जुलै म्हणजे मक्याच्या शेतांतून येणारी दमट वाफ. त्या दिवशी पारा पस्तीस अंशांच्या वर. बायकांनी परातींत बर्फ घालून त्यावर आपापल्या जेल्या मांडल्या होत्या. प्रार्थना झाली, भाषण झालं, पोरांची धावण्याची शर्यत लांबली. बर्फाचं पाणी झालं. मग एक एक साचा खचायला लागला. आधी वरची कड गुळगुळीत झाली, मग नक्षी पुसली गेली, मग आतल्या गाजराच्या काड्या उघड्या पडल्या आणि हिरवं, लाल, नारिंगी पाणी परातीत मिसळलं. टेबलाच्या टोकाला आत्याची हिरवी जेली होती तशी उभी होती, धारदार कडांसकट. आणि तिच्यात ताजा अननस होता. ताज्या अननसातला पाचक रस जिलेटिनला धरू देत नाही, म्हणून त्या सगळ्याजणी डब्यातला शिजवलेला अननस वापरत. अगारमध्ये प्रथिन नाही, त्यामुळे त्याला ताजं फळ चालतं.

बायका गोळा झाल्या. बाईंनी सुरी घेऊन तुकडा कापला, खाल्ला आणि सरळ सांगितलं: ही दाताखाली तुटते, जिभेवर विरघळत नाही, आणि हलत नाही. पण अजून एक तुकडा घेतला. मग हे काय आहे, असं त्यांनी विचारलं, आणि आत्याला अखेर सगळं सांगावं लागलं. वासराचे पाय, पत्र, आजीचं पुडकं. बाई थोडा वेळ गप्प होत्या. आपण पहिल्याच संध्याकाळी काय खायला दिलं हे त्यांना कळलं होतं. त्यांनी माफी मागितली नाही, आत्यानं मागू दिली नसती. दुसऱ्या दिवशी त्या गावातल्या औषधाच्या दुकानात गेल्या. अगार तिथे बद्धकोष्ठावरचा उपाय म्हणून मिळतं असं त्यांना आठवत होतं, आणि ते मिळालं. पुढे आत्या त्या घरात राहिली तोवर चर्चच्या प्रत्येक जेवणात बाईंच्या जेल-ओशेजारी बाईंनीच केलेली अगारची एक छोटी वाटी असे. चर्चच्या बायकांनी पाककृतींची तारेच्या बांधणीची पुस्तिका काढली, तिच्यात आत्याची कृती आहे. पान पिवळं पडलं आहे आणि त्यावर हिरवा डाग आहे.

सत्तरच्या दशकात हे सॅलड मागे पडत गेलं. बायका नोकऱ्यांना लागल्या, सुपरमार्केटमध्ये बारा महिने ताजा भाजीपाला आला. युटा राज्यानं मात्र साथ सोडली नाही. आयोवाच्या डे मॉइन शहरानं जेल-ओच्या खपात युटातल्या सॉल्ट लेक सिटीला मागे टाकल्यावर तिथल्या लोकांनी तो मान परत मिळवला आणि 2001 मध्ये विधिमंडळानं जेल-ओला राज्याचं अधिकृत अल्पोपाहाराचं खाणं ठरवलं. पुढच्याच वर्षीच्या तिथल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हिरव्या जेलीच्या आकाराचा बिल्ला निघाला. त्याच सुमारास भारतात पाकिटांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आला. आत्याला त्या ठिपक्याचं कौतुक आमच्यापेक्षा जास्त. तिची उमेदीची सगळी वर्षं पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचण्यात गेली.

आणि जिलेटिनचं सॅलड संपलं असं मी तरी म्हणणार नाही, कारण ते आपल्या लोकांनी उचललं. 1965च्या कायद्यानं दार उघडलं, आपली कुटुंबं मोठ्या संख्येनं तिकडे गेली, आणि दिवाळी-थँक्सगिव्हिंगच्या पॉटलकमध्ये ‘मँगो पाय’ आला. बिस्किटांचा चुरा लोण्यात मळून खाली थर. वर आंब्याचा डबाबंद रस, क्रीम चीज आणि कूल-व्हिप. हे कूल-व्हिपही जेल-ओच्याच मालक कंपनीतलं. तिथले रसायनज्ञ विल्यम मिचेल यांनी साठच्या दशकात काढलेलं. आणि हे सगळं धरून ठेवायला नॉक्सच्या जिलेटिनची दोन पाकिटं. परक्या देशातल्या बायकांनी चर्चच्या तळघरात जी कला जोपासली, तिच्यात आपल्या बायकांनी हापूस आणि केसर बसवला. मला हा पदार्थ मनापासून आवडतो. त्याला भेसळ म्हणून नाक मुरडणारे पुण्यात पुष्कळ भेटतात, पण परातभर पाय करून पन्नास माणसांना वाढायचा तर किती विचार लागतो हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

आपला ताजा आंबा तेव्हा तिकडे येत नव्हताच. एप्रिल 2007 मध्ये, कांद्यासाठी उभारलेल्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून आंब्याच्या पेट्या अमेरिकेला निघाल्या, तेव्हा आत्याच्या घरी मोठा समारंभ झाला. आंबे कापून खाल्ले. पायमध्ये मात्र डब्यातलाच रस गेला, आजही जातो, कारण सगळ्या घरांतलं प्रमाण 850 ग्रॅमच्या डब्यावर बेतलेलं आहे, आणि महागडा ताजा हापूस क्रीम चीजमध्ये घालायला कुणाचा जीव होत नाही.

आत्याचा पाय चायना ग्रासचा. तिकडच्या पुष्कळ घरांत आता तोच करतात, नव्या सुना तिला फोन करून विचारतात, आणि सगळ्यांचं एकाच ठिकाणी बिनसतं. म्हणून तिचं सांगणं इथे देते. एका डब्याला दहा ग्रॅम पट्ट्या, दीड कप पाण्यात अर्धा तास भिजवून, एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळायच्या. रस फ्रिजमधून काढून तसाच ओतायचा नाही, गार रस लागला की चायना ग्रासच्या तिथल्या तिथे गाठी होतात. रस आणि क्रीम चीज दोन्ही आधी कोमट करून घ्यायचं, पाणी त्यात गाळून घालायचं, भराभर ढवळायचं आणि लगेच साच्यात ओतायचं. कूल-व्हिप सगळ्यात शेवटी, हलक्या हातानं, आणि तेही फ्रीझरमधून काढल्या काढल्या नाही.